तुरंगलीला : देवगिरीचे ताल आणि एक पाश्चात्य स्वररचना

(श्रीमठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)





'लीला' हा शब्द श्रीमठाच्या प्राकारात नित्य कानांवर पडणारा आहे. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत भगवंताच्या लीलांचेच गायन येथे होत असते. नित्य परिचयामुळे शब्दाचा अर्थ कधीकधी झिजतो. नाणे चालत राहते, पण त्यावरील मुद्रा पुसट होते. अशा वेळी तोच शब्द दूर देशी, परक्या मुखातून ऐकू आला म्हणजे मन थबकते आणि त्या शब्दाकडे नव्याने पाहू लागते. २ डिसेंबर १९४९ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी एका थोर वाद्यवृंदाने एक नवी रचना प्रथमच वाजविली. रचनाकार फ्रेंच, धर्माने कॅथलिक ख्रिस्ती, आणि रचनेचे नाव मात्र संस्कृत : 'तुरंगलीला सिंफनी'. ह्या नावाची वाट मागे शोधत गेले की ती थेट आपल्या देवगिरीला येऊन पोहोचते. त्या वाटेचा मागोवा घेणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

रचनाकाराचे नाव ओलिव्हिए मेसियाँ. त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी फ्रान्समधील आव्हिन्यों येथे झाला व २७ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. १९३१ साली पॅरिसच्या 'त्रिनिते' म्हणजे त्रैक्य नामक चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून त्यांनी सेवा पत्करली आणि ती सेवा अखेरपर्यंत, साठांहून अधिक वर्षे, चालविली. जगभर कीर्ती झाल्यावरही उपासनेच्या वेळी आपल्या देवाच्या दारी वाद्यापाशी बसणारा हा मनुष्य होता. देवळात पिढ्यान्‌पिढ्या चौघडा वा सनई वाजविणाऱ्या सेवेकऱ्यांचे महत्त्व जाणणाऱ्या श्रोत्यांना ही निष्ठा निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता नावाकडे वळू. 'तुर' म्हणजे त्वरा. त्वरेने जातो तो तुरंग, म्हणजे अश्व. मेसियाँ यांनी 'तुरंग' शब्दातून दौडत जाणारा काळ, गती आणि लय हा भाव घेतला. 'लीला' शब्दातून विश्वावर चालणारी ईश्वरी क्रीडा, उत्पत्ती, संहार व पुनर्निर्मिती, जीवन आणि मरण हा भाव घेतला, आणि प्रेम हाही एक अर्थ त्यात पाहिला. व्याकरणदृष्ट्या मूळ शब्द 'तुरंगलील' असा बहुव्रीही आहे. घोड्याच्या क्रीडेसारखी ज्याची क्रीडा तो, असा विग्रह होतो, आणि ते एका तालाचे नाव आहे. सिंहलील, गजलील, हंसलील ही त्याचीच भावंडे. प्राण्यांच्या चालीवरून तालांना नावे देणाऱ्या आपल्या पूर्वजांची दृष्टी किती सूक्ष्म असेल ह्याची कल्पना ह्या नावांवरूनच येते.

हे सर्व ताल ज्या ग्रंथात आहेत तो ग्रंथ म्हणजे 'संगीतरत्नाकर'. त्याचे कर्ते शार्ङ्गदेव. त्यांचे घराणे मूळचे काश्मीरचे. तेथून ते दक्षिणेत आले. वडील सोढल हे देवगिरीच्या यादवांच्या दरबारी श्रीकरणाधिपती होते. इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजा सिंघण याच्या आश्रयाने, आज दौलताबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या दुर्गाच्या छायेत हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे ह्याच यादवांच्या राज्यात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी अवतरली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भूमीच्या सुपीकतेबद्दल विस्मय वाटतो. रत्नाकराचे अध्याय सात : स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन. त्यांपैकी पाचव्या, तालाध्यायात शार्ङ्गदेवांनी एकशे वीस देशी ताल लक्षणांसह नोंदले आहेत. द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत ही त्यांची मापे. लघू एक धरला तर द्रुत अर्धा, गुरू दोन आणि प्लुत तीन. ह्याखेरीज 'विराम' नावाची एक खूण आहे. ती ज्या मात्रेवर पडेल ती मात्रा तिच्या निम्म्याने वाढते.

कालांतराने गायनवादनाची रीत बदलली आणि ह्यांतील बहुतेक ताल व्यवहारातून मागे पडले. राहिली ती पोथी. पंधराव्या शतकात विजयनगरी कल्लिनाथांनी तिच्यावर टीका लिहिली. नकलाकारांनी ती उतरून घेतली. आणि १८९६-९७ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकडून संपादन करवून ती टीकेसह छापली. ज्यांचा ताल हाताला लागलेला नव्हता अशा लोकांनीही अक्षरे जपली, म्हणून अर्थ पुढे कोणाला तरी सापडू शकला. ही सेवा सामान्य नव्हे.

इकडे फ्रान्समध्ये जोआनी ग्रोसे नावाच्या संस्कृतज्ञाने भरताच्या नाट्यशास्त्राचे पहिले चौदा अध्याय संपादून १८९८ साली प्रसिद्ध केले. पुढे लाव्हिन्याक यांच्या विशाल संगीतकोशात भारतीय संगीतावरील दीर्घ लेख त्याच ग्रोसे यांनी लिहिला व त्यात शार्ङ्गदेवांच्या एकशे वीस तालांचे कोष्टक दिले. हा खंड १९१३ साली निघाला. तरुण मेसियाँ यांच्या हाती हा कोश पडला. इतरांनी ज्या पानावरून नजर फिरवून पुढे जावे, त्या पानापाशी हा तरुण थांबला. त्याला कोणी गुरू नव्हता, हातावर टाळी देऊन ताल शिकविणारा कोणी नव्हता. समोर होती फक्त नावे आणि मापे. तेवढ्यावर त्याने वर्षानुवर्षे मनन केले.

त्या मननातून काय निघाले? पहिली गोष्ट विरामाची. ठरीव चालीत चालणाऱ्या लयीत एखादी छोटी मात्रा अधिक घातली की चाल किंचित लंगडते, आणि त्या लंगडण्यानेच तिच्यात जिवंतपणा येतो. वर्षानुवर्षे समान मापांच्या चौकटीत फिरणाऱ्या पाश्चात्य संगीताला ही गोष्ट नवी होती. 'रागवर्धन' नावाच्या तालाच्या परीक्षणातून मेसियाँ यांनी हे तत्त्व मांडले आणि १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतपद्धतीवरील पुस्तकात शार्ङ्गदेवांचे ऋण नावानिशी नमूद केले.

दुसरी गोष्ट त्याहून रम्य आहे. ह्या तालांत 'ढेंकी' नावाचा एक ताल आहे : गुरू, लघू, गुरू. छंदःशास्त्र शिकणारा बटूही सांगेल की हा रगण झाला. 'यमाताराजभानसलगं' ह्या सूत्रातील 'राजभा'. तो शेवटाकडून वाचला तरी तसाच राहतो, म्हणून त्याला उलटा करणे अशक्य. मेसियाँ यांना ह्या अशक्यतेची मोहिनी पडली. पुढे जाणे आणि मागे येणे जेथे एकच होते, तेथे काळाच्या प्रवाहातच काळापलीकडच्या वस्तूची चाहूल लागते, असे त्यांना वाटले. आपल्या वेदपाठशाळांत जटापाठ चालतो तेव्हा पहिले पद व दुसरे पद, मग दुसरे व पहिले, पुन्हा पहिले व दुसरे, असा अनुलोम-विलोम क्रम असतो. त्याचा हेतू निराळा आहे; तो पाठरक्षणासाठी आहे. तथापि शब्दाला पुढून आणि मागून सारखेच निरखण्याची ही शिस्त ज्याने अनुभवली आहे, त्याला ह्या परक्या संगीतकाराचा ध्यास लवकर उमगेल.

ह्या विद्येची खरी परीक्षा मात्र सुखाच्या दिवसांत झाली नाही. १९४० साली जर्मन सैन्याने फ्रान्स पादाक्रांत केला. सैन्यात दाखल झालेले मेसियाँ युद्धकैदी झाले आणि त्यांची रवानगी ग्योर्लित्स येथील छावणीत झाली. थंडी, उपासमार आणि उद्याचा भरवसा नाही, अशा स्थितीत त्यांनी पियानो, व्हायोलिन, चेलो व क्लॅरिनेट ह्या चार वाद्यांसाठी एक रचना केली. तिचे नाव 'कालान्तासाठी चतुष्टय'. १५ जानेवारी १९४१ रोजी त्या छावणीतच कैद्यांनी आणि पहारेकऱ्यांनी ती ऐकली. तिच्या पहिल्याच भागात पियानो जी लय वाजवितो ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश ह्या तीन तालांची गुंफण आहे. ती लय सतरा मात्रांकांची, आणि तिच्यावर फिरणारी स्वरसमूहांची माळ एकोणतीसांची. सतरा आणि एकोणतीस ह्यांना समान भाजक नाही. म्हणून दोन्ही चक्रे मूळ ठिकाणी पुन्हा एकत्र येण्यास चारशे त्र्याण्णव पावले लागतात, आणि त्यापूर्वीच तो भाग संपतो. जणू अनंताचा एक तुकडा कापून श्रोत्यांपुढे ठेवावा. तारांच्या कुंपणाआड जिवंत राहिलेल्या त्या माणसांच्या कानी देवगिरीचे ताल पडत होते, आणि त्यांची नावे त्यांना ठाऊक नव्हती.

सुटकेनंतर, युद्ध संपल्यावर, बोस्टनच्या वाद्यवृंदाचे नायक सर्ज कुसेव्हिट्स्की यांनी मेसियाँ यांना नवी रचना करण्यास सांगितले. लांबी, वाद्ये वा मुदत, कशाचेच बंधन घातले नाही. १९४६ ते १९४८ ह्या काळात जी रचना झाली तीच 'तुरंगलीला'. पहिल्या प्रयोगाचे संचालन ३१ वर्षांच्या लेनर्ड बर्नस्टाइन यांनी केले. पियानोवर इव्हॉन लोरिओ होत्या. रचनेचे भाग दहा आणि वाजण्याचा काळ सुमारे सव्वा तास. तंतुवाद्ये, सुषिरवाद्ये, झांजा, घंटा, ढोल, लाकडी ठोकळे असा प्रचंड संभार, आणि त्यात एक विजेवर चालणारे वाद्य : मोरिस मार्तनो यांनी शोधलेले 'ओंद मार्तनो'. वादक बोटातील कडी एका पट्टीवरून सरकवितो आणि स्वर न तुटता एकातून दुसऱ्यात ओघळत जातो. मींड ऐकण्याची सवय असलेल्या कानांना ह्या वाद्याची ओळख तत्काळ पटेल. पहिल्या प्रयोगात ते वाजविणाऱ्या जिनेत मार्तनो ह्या शोधकर्त्याच्याच भगिनी.

रचनेत काही आकृती वारंवार प्रकटतात. एक जड, भीषण, पितळी वाद्यांतून उमटणारी. प्राचीन मेक्सिकोच्या पाषाणशिल्पांसारखी. दुसरी क्लॅरिनेटवर फुलासारखी हळुवार उमलणारी. तिसरी प्रेमाची. पाचव्या भागाचे नाव 'ताऱ्यांच्या रक्ताचा आनंद'. येथे सारा वाद्यवृंद बेभान वेगाने उसळतो. झांजा आणि पितळी वाद्ये एकमेकांवर कोसळतात, आणि शेवटी एकटा पियानो उधळलेल्या अश्वासारखा धावतो. प्रथमच ऐकणाऱ्याचा श्वास रोखला जावा असा हा आवेग आहे. परंतु त्या गदारोळाच्या पोटात काटेकोर गणित आहे. लयीचे तीन गट एकाच वेळी चालतात : एकाच्या मात्रा वाढत जातात, दुसऱ्याच्या घटत जातात, तिसरा जसाच्या तसा राहतो. मेसियाँ स्वतः रंगभूमीचा दृष्टान्त देत : एक पात्र आघात करते, दुसरे तो सोसते, तिसरे स्तब्ध उभे राहून पाहते. हे तत्त्व त्यांना स्ट्राविन्स्की यांच्या १९१३ सालच्या 'वसंतविधी' ह्या नृत्यसंगीताच्या अभ्यासातून गवसले होते. तथापि वेदान्त ऐकलेल्या श्रोत्याला येथे साक्षीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. मुंडकोपनिषदातील एकाच वृक्षावरचे दोन पक्षी, एक फळ खाणारा आणि एक केवळ पाहणारा, डोळ्यांपुढे येतात. ही आठवण ऐकणाऱ्याची आहे, रचनाकाराची नव्हे; परंतु उत्तम रचना ऐकणाऱ्याच्या ठेव्यालाही जागविते.

आणि लगेच सहावा भाग येतो : 'प्रेमाच्या निद्रेचे उद्यान'. वादळ शमते. तंतुवाद्ये अतिमंद गतीने प्रेमाची आकृती आळवितात आणि पियानोतून पक्ष्यांची किलबिल झिरपते. मेसियाँ हे जन्मभर रानावनांत पक्ष्यांचे स्वर लिहून घेणारे अभ्यासक होते. उसळी आणि विश्रांती, ताण्डव आणि समाधी, अशी ही जोडी एकमेकींवाचून पुरी होत नाही.

ह्या रचनेवर आक्षेप कमी झाले नाहीत. कोणाला ती कर्कश वाटली, कोणाला अतिशयोक्त. रचनाकाराच्या काही शिष्यांनाही ती रुचली नाही. श्रीमठाच्या भाविकांच्या मनात आणखी एक शंका येईल : ही तर त्रिस्तान आणि इसोल्ड ह्या पाश्चात्य कथेतील मानवी प्रेमाची गाथा, तिला 'लीला' म्हणावे काय? शंका योग्य आहे. मेसियाँ यांचे म्हणणे असे की खरे मानवी प्रेम हे ईश्वरी प्रेमाचे प्रतिबिंब होय. ते फिकट असेल, पण बिंब तेच. गोपींच्या प्रेमातून परमार्थ पाहणाऱ्या परंपरेला हा विचार सर्वस्वी परका नाही. मात्र दोहोंची सरमिसळ करण्याचीही आवश्यकता नाही.

येथे दोन चुका टाळल्या पाहिजेत. पहिली अभिमानाची : 'हे सारे मूळचे आमचेच' असे म्हणून मोकळे होणे. ते खरे नाही. शार्ङ्गदेवांचा ताल आवर्तनात फिरतो, सशब्द व निःशब्द क्रियांनी हातावर दाखविला जातो, गीताला आधार देतो. मेसियाँ यांनी त्यातून मापांची आकृती तेवढी उचलली आणि तिच्यावर स्वतःच्या धर्माचे, स्वतःच्या देशाचे संगीत उभारले. बी देवगिरीचे, शेत, पाणी आणि घाम त्यांचा. दुसरी चूक तुच्छतेची : 'परक्याने अर्धवट उचलले' असे म्हणून पाठ फिरविणे. ज्याने मूळ ग्रंथकाराचे नाव शेवटपर्यंत आदराने घेतले, ज्याच्या निधनानंतर १९९४ ते २००२ ह्या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेल्या लयविषयक महाग्रंथात ह्या एकशे वीस तालांचे सविस्तर विवेचन आहे, त्याला अर्धवट म्हणण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने ते ताल त्याहून अधिक अभ्यासले आहेत.

मग ह्या रचनेतला आवेग कशातून आला? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात प्रश्न उपस्थित होतो : ज्याला काहीच मिळवायचे नाही, तो परमात्मा सृष्टी का निर्मितो? उत्तर येते ते 'लीला' ह्या शब्दाने. श्रीमच्छंकराचार्य दृष्टान्त देतात : सर्व इच्छा पूर्ण झालेला राजा क्रीडा करतो, किंवा श्वास कोणत्याही हेतूवाचून आपोआप चालतो, तशी ही प्रवृत्ती. उणीव भरून काढण्यासाठी केलेली धडपड आणि पूर्णतेतून उसळलेला उत्साह, दोन्हीही बाहेरून वेगवानच दिसतात. अंतर आत आहे. छावणीतून परतलेल्या, जग मोडून पडलेले पाहिलेल्या माणसाने सूडाचे किंवा विलापाचे संगीत लिहिले असते तर ते नवल नव्हते. त्याने आनंदाचे लिहिले, आणि त्या आनंदाला नाव देण्यासाठी त्याला 'लीला' हाच शब्द पुरेसा वाटला. नित्य उच्चाराने झिजलेल्या ह्या शब्दाची मुद्रा अशा रीतीने पुन्हा उजळते.

आपल्याकडे लहान मुलांना एक कोडे घालतात : घोडा का अडला, भाकरी का करपली, विद्या का विसरली? तिन्हींचे उत्तर एकच : फिरवली नाही म्हणून. तुरंगलील हा तालरूपी घोडा आपल्या पागेत सातशे वर्षे उभा होता. त्याला दाणापाणी मिळाले, त्याची निगा राखली गेली, पण त्यावर स्वार कोणी झाले नाही. कोशात त्याचे केवळ चित्र पाहून एका परक्याने तो दौडविला. ह्यात खेद मानण्यासारखे थोडे आहे आणि शिकण्यासारखे पुष्कळ. पोथी जपणाऱ्यांनी जपली म्हणूनच ती दौड शक्य झाली. परंतु जपणे हा विद्येचा पूर्वार्ध होय. उत्तरार्ध फिरविण्याचा, म्हणजे मननाचा आणि विनियोगाचा. श्रीमठाच्या पाठशाळेत आज जी बालके सूत्रे घोकीत आहेत, त्यांच्यापुढे तालाध्यायही उघडावा. राजभा म्हणताना त्यांच्या हातांनी गुरू-लघू-गुरूची टाळी वाजावी. सभामंडपातील भजनी मंडळींनी लुप्त झालेल्या एखाद्या तालात एखादे पद बसवून पाहावे. पाठशाळा आणि पखवाज एकाच प्राकारात असताना हे घडण्यास काय अडचण आहे?

श्रीमठाचा हा वर्धापनोत्सव म्हणजे वर्षांची मोजणी नव्हे. गुरुपरंपरेने दिलेला ठेवा पुन्हा हाती घेऊन पाहण्याचा तो दिवस. त्या ठेव्यात काय काय आहे हे कधी परक्याकडूनही कळते. कळल्यावर मात्र तो फिरता ठेवण्याचा भार घरच्यांवरच येतो. श्रीगुरुकृपेने तो भार वाहण्याची बुद्धी आणि उत्साह सर्वांस लाभो.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु.